विमान कशानं पडलं

"नाक खाली घे, गाढवे," कॅप्टन पाठारे म्हणाले आणि त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

इंजिन बंद पडलं होतं. आधी दोनदा ठसका लागल्यासारखं झालं, मग पुढचा पंखा नुसता वाऱ्यानं फिरत राहिला. आम्ही साखर कारखान्याच्या धुराड्याइतके वर होतो. मी विमान मागं वळवायला निघाले होते, कारण मागं धावपट्टी होती, ओळखीची आणि सपाट, आणि अशा वेळी माणसाला ओळखीचंच बरं वाटतं. पण एवढ्या कमी उंचीवर वळवलेलं विमान धावपट्टीपर्यंत पोचत नाही, वाटेतच दगडासारखं खाली येतं. कॅप्टननी हे मला शंभरदा शिकवलं होतं आणि मीही शंभरदा मान डोलावली होती.

"सोड. माझ्याकडं दे."

मी हात काढून घेतले. समोर डावीकडं डांबरी रस्ता होता, पण त्यावर खंडेनवमीच्या कार्यक्रमाला आलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि माणसं होती. उजवीकडं ऊस. कॅप्टननी रस्त्याकडं एकदा बघितलं आणि विमान उसाकडं घेतलं. उसाचे शेंडे चाकांना लागायच्या जरा आधी त्यांचा डावा हात खाली गेला आणि त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. पडल्यावर आग लागू नये म्हणून तो बंद करायचा असतो. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मग ऊस कडाकडा मोडत गेला, काच फुटली, आणि सगळं थांबलं तेव्हा विमान डाव्या कुशीवर पडलं होतं. डावा पंख जमिनीला टेकला होता. माझ्या दोन्ही दंडांवर उसाच्या पातीनं चिरा पाडल्या होत्या, एवढंच. कॅप्टनचा पाय पुढच्या पत्र्यात अडकला होता, आणि तो ज्या दिशेला वळला होता त्या दिशेला पाय वळत नसतो.

"लागलं का तुला?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये."

"बरं, रडू नकोस. बाहेर जा आणि टाकीत पेट्रोल आहे का बघ."

मी फुटक्या काचेतून बाहेर सरकले. आमच्या त्या दोन आसनी विमानाच्या टाक्या पंखांत होत्या, एकेका पंखात एकेक, आणि झाकणं पंखाच्या पाठीवर. डाव्या टाकीचं झाकण हाताशीच होतं, पण घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी जोर लावून फिरवलं तेव्हा फस्स करून आवाज आला. हवा बाहेर नाही आली, आत ओढली गेली. टाकी जवळजवळ काठोकाठ भरलेली होती. माझे हात लाल झाले होते, मला वाटलं कुठंतरी कापलं. मग वास घेतला. तेलात कालवलेला शेंदूर होता.

मी कॅप्टनना सांगितलं. त्यांनी कण्हणं थांबवलं आणि अशी एक शिवी दिली की ती मी आजही लिहू शकणार नाही. शिवी कुणाला होती तेही त्या वेळी कळलं नाही.

वाळवंड्याला आबासाहेब रणवऱ्यांचा साखर कारखाना होता. पुढाऱ्यांना मुंबईहून येणं सोपं जावं म्हणून आबासाहेबांनी माळावर धावपट्टी केली, गावातली माणसं तिला विमानाचं रान म्हणत. पुढं तिथं वैमानिक तयार करणारी शाळा काढली. दोन विमानं, सात विद्यार्थी, आणि शिकवायला मुंबईहून आणलेले कॅप्टन पाठारे. सातांत मुलगी मी एकटीच. माझे वडील, अप्पा, कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन करायचे, आणि शहाऐंशी साली आबासाहेब एका सभेत म्हणाले, "आमच्या कामगाराची पोरगी इमान उडवंल." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझी भरती झाली. लोखंड्यांची वैजयंती विमान उडवणार म्हणून गावानं महिनाभर चेष्टा केली आणि मग गाव कंटाळलं.

कॅप्टन पाठारे पीत असत. हे सांगायला ज्योतिषी नको होता, त्यांच्या घरी दूध घालणाऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. रात्री प्यायचे, सकाळी शिकवायचे, आणि मधल्या वेळात शिव्या द्यायचे. मला ते आवडत नव्हते. पण विमान त्यांच्या हातात गेलं की ते गरीब गाईसारखं वागायचं, हेही मी बघत होते.

आता खंडेनवमीचं. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, नांगरापासून मोटारीपर्यंत. रणवऱ्यांच्या घरात त्यात आणखी एक रीत होती. विहिरीवर पहिलं तेलाचं इंजिन बसलं तेव्हापासूनची. यंत्र तोंडानं खातं, म्हणून दृष्ट तोंडाला लागते, म्हणून यंत्राच्या मुखाला शेंदूर थापायचा. जिथून तेल घालतात ते मुख. घरातली थोरली सून हे करायची. आबासाहेबांच्या पत्नी, म्हणजे वहिनीसाहेब, त्या सकाळी शेंदराची वाटी घेऊन शिडीवर चढल्या तेव्हा विमानाची तपासणी मी आधीच पुरी केली होती. विमानाची ती पहिलीच पूजा, म्हणून त्यांच्या मागं बँड होता, फोटोवाले होते. त्यांनी दोन्ही झाकणांवर हात फिरवला, नारळ फुटला, आम्ही आत बसलो. इंजिन चालू केलं आणि पाहुण्यांच्या गाड्या धावपट्टी ओलांडत होत्या म्हणून बराच वेळ तसेच थांबलो. मग उडालो आणि उसात पडलो.

संध्याकाळी मला बंगल्यावर बोलावणं आलं.

आबासाहेब झोपाळ्यावर बसले होते. मला त्यांनी समोरच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, दंडावरच्या चिरांना हळद लावली का ते विचारलं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

"वैजे, कॉक बंद व्हता म्हणं."

"होय. कॅप्टननी पडताना बंद केला. मी बघितला."

"पडताना का उडायच्या आधी?"

"आधी बंद असता तर इंजिन जाग्यावरच मेलं असतं, आबासाहेब. आम्ही एवढा वेळ उभे होतो."

"नळीत ऱ्हातंय की थोडं पेट्रोल." ते झोपाळा थांबवून पुढं झुकले. "ह्ये बघ पोरी. मुंबईहून साहेब यायचाय चौकशीला. पाठाऱ्यांच्या तोंडाला वास येत व्हता, एवढंच सांग. बाकी काय बोलू नगंस. माणूस पितोय, पिऊन इसरला, इमान पडलं. जगाला पटंल असं हाय."

"झाकणावर शेंदूर होता."

"कुठं व्हता? माझी माणसं इमान उचलून शेडमधी घिऊन आली. झाकणं लख्ख हायती."

उसातून विमान आणायला बैल आणि वीस माणसं लागली होती, आणि आणल्यावर त्याला कुणीतरी रॉकेलनं पुसून काढलं होतं. मोडक्या विमानाला आंघोळ कशाला घालायची हे मी विचारलं नाही.

"पुढल्या साली इलेक्शन हाय," आबासाहेब म्हणाले. "रणवऱ्यांच्या पूजेनं इमान पडलं म्हणून पेपरात आलं तर लोक हसतील, आन् जे हसणार न्हाईत त्ये म्हणतील आमच्या द्येवाला नाव ठेवलं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आन् ह्यांचं काय?" त्यांनी घराच्या आतल्या बाजूला मान केली. "त्यांच्या हातनं झालं असं म्हणायचं व्हय आम्ही? तुझं लायसन मी बघतो. तुझ्या पुढल्या शिक्षणाचं बी बघतो. तू फक्त वासाचं सांग."

आतल्या दाराचा पडदा हलला. चहा घेऊन कुणी आलं नाही.

घरी अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते भित्रे होते आणि ते कधी लपवत नसत. "क्वार्टर त्यांची, नोकरी त्यांची, तुझं इमान त्यांचं," ते म्हणाले. "आपलं काय हाय?"

"जीभ आहे."

"तिनंच वाटुळं हुतंय," अप्पा म्हणाले आणि जेवायला बसले. पण गप्प बस असं ते म्हणाले नाहीत, हे मी लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. कॅप्टनचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि वजन लावून वर टांगला होता. त्यांनी नर्सला बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही, नुसती खिडकीशी सरकली.

"आबा काय म्हणाला?"

मी सांगितलं.

"हुशार आहे थेरडा. माझ्यावर ढकललं की शेंदूर सुटला, बायको सुटली, इलेक्शन सुटलं." त्यांनी डोळे मिटले. "वैजू, ऐक. तो इन्स्पेक्टर तुला एकच गोष्ट विचारणार, वास येत होता का. तू नाही म्हण. बाकी काही बोलू नकोस. शेंदराचं काढशील तर ते पिसाळतील आणि माझ्या पिण्याचे पन्नास साक्षीदार उभे करतील. वास नव्हता म्हटलंस तर कॉक कुणाच्या पायानं, कशानं बंद झाला हे कुणाला सांगता येणार नाही. कारण कळलं नाही असं लिहितील आणि जातील."

"म्हणजे विमान कशानं पडलं ते कुणालाच कळणार नाही."

"तुझं काय जातंय त्यात?"

"मी आत होते."

"मी पण होतो," ते ओरडले, आणि पायाचं वजन हललं म्हणून तोंड वाकडं केलं. "पन्नाशी आली माझी. लायसन गेलं तर मला दुसरं काही येत नाही. भाजीची गाडी लावू? विमान पाडलं म्हणून ज्याच्या नावावर एकदा लागलं त्याला कुत्रंही विचारत नाही, समजलं?"

समजलं होतं. मजा अशी की दोघांनीही मला तेच सांगितलं होतं. वासाचं बोल आणि बाकी गप्प बस. एकाला होय हवं होतं, एकाला नाही. वास खरंच येत होता की नव्हता, हे दोघांपैकी कुणी मला विचारलं नव्हतं. इथंही मी ते अजून सांगितलेलं नाही.

मुंबईचे साहेब आले ते देवस्थळी नावाचे, किडकिडीत, सफारी घातलेले. ते आधी शेडमध्ये विमानाभोवती हिंडले, मग दवाखान्यात जाऊन आले, मग आम्हाला शाळेच्या खोलीत बसवलं. आबासाहेब, त्यांची चारपाच माणसं, अप्पा दाराबाहेर, आणि वहिनीसाहेब, कारण साहेबांच्या जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडं होती.

"इंजिनात पेट्रोलचा थेंब नाही," देवस्थळी म्हणाले. "टाक्या भरलेल्या. कॉक बंद. आता मिस लोखंडे, सांगा. त्या सकाळी कॅप्टन पाठाऱ्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता?"

खोलीत पंखा करकरत होता. आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मायेनंच बघितलं.

"होय," मी म्हणाले. "येत होता."

आबासाहेब खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या माणसांपैकी एकानं दुसऱ्याच्या मांडीवर थाप मारली.

"रात्रीच्या दारूचा," मी म्हणाले. "त्यांनी लवंग चघळली होती, तरी येत होता. त्यांनी त्या दिवशी उडायला नको होतं. हे लिहून घ्या. आता विमान कशानं पडलं ते विचारा."

"तेच तर विचारलं."

"नाही साहेब. तुम्ही वास विचारला. विमान वासानं नाही पडलं. पेट्रोल बाहेर जायचं तर टाकीत तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला मधोमध बारीक भोक असतं. दोन्ही भोकांवर शेंदूर थापला होता. जमिनीवर इंजिन हळू चालत होतं, थोडंथोडं पेट्रोल ओढत होतं, तोवर निभावलं. उडताना पूर्ण जोर लावला आणि टाकीनं पेट्रोल सोडलं नाही. मी पडल्यावर झाकण उघडलं तेव्हा हवा आत ओढली गेली आणि माझे हात लाल झाले."

"आणि कॉक?"

"कॅप्टननी पडताना बंद केला. जो माणूस रस्त्यावरची माणसं वाचवायला उसात शिरतो आणि पडता पडता कॉक बंद करतो, तो पिऊन विसरला असं म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही."

आबासाहेब हसले. "साहेब, पोरगी हुशार हाय पण लहान हाय. चाळीस वर्सं झाली, आमच्या इंजिनाला, टॅक्टरला दर नवमीला शेंदूर लावतोय. एक टॅक्टर बंद पडला असंल तर दाखवा."

"ट्रॅक्टरच्या झाकणाला हवेची वाट बाजूनं असते, आबासाहेब. वरून कितीही थापा. विमानाची वरून आहे." मी दाराकडं बघितलं. "तुमच्या बुलेटची पण वरून आहे. बाहेर उभी आहे. टाकी भरा, मारुतीच्या देवळातनं शेंदूर आणा, मी थापते. मग कुणीही चालवा."

"पोरी, गुमान बस," आबासाहेब पहिल्यांदाच कडक आवाजात म्हणाले.

"चार दिवस सगळे मला गप्पच बसवताहेत," मी म्हणाले. "आज मला बोलायला बोलावलंय."

देवस्थळींनी पेनाला टोपण लावलं. "बुलेट मी चालवतो," ते म्हणाले.

ते खरंच चालवायला बसले, सफारीच्या खिशातलं पेन सांभाळत. मी झाकणावर शेंदूर थापला, वहिनीसाहेबांनी थापला होता तसाच, बोटभर जाड. त्यांनी किक मारली आणि धावपट्टीवर बुलेट सोडली. टोकाला गेले, वळून आले, पुन्हा गेले. आबासाहेबांची माणसं कुजबुजत होती. दुसऱ्या फेरीतही बुलेट मस्त धडधडत आमच्यासमोरून गेली तेव्हा माझंच चुकलं की काय असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. अप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

तिसऱ्या फेरीला लांब, पार त्या टोकाला, आवाज अडखळला. दोनदा ठसका आला. मग माळावर नुसता वारा राहिला.

देवस्थळी खाली उतरले. टाकीवर वाकले. झाकण फिरवून कान लावून उभे राहिले, मग पुन्हा बसवलं, किक मारली, आणि बुलेट चालू झाली. परत आले तेव्हा त्यांची बोटं लाल होती. त्यांनी ती रुमालाला पुसली आणि म्हणाले, "हवा आत गेली. मी ऐकली."

"बुलेटचं झालं," आबासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता पण आवाज नव्हता उतरला. "इमानावर शेंदूर व्हता ह्याला पुरावा काय? झाकणं तुम्ही सोताच बघितली. लख्ख हायती."

"खरं आहे," देवस्थळी म्हणाले. "तिथं आता शेंदूर नाही. मिस लोखंडे, तुमच्याशिवाय तो आणखी कुणी पाहिला?"

बँडवाल्यांनी पाहिला होता, फोटोवाल्यांनी पाहिला होता, निम्म्या गावानं पाहिला होता. समोर उभ्या असलेल्या सगळ्यांनी पाहिला होता. प्रत्येक जण आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मी एकेकाकडं बघून घेतलं. पुढं बाजारात भेटतील तेव्हा कामाला येतील म्हणून चेहरे लक्षात ठेवले.

"रॉकेलनं पुसली, म्हणून लख्ख हायती," मागून आवाज आला.

वहिनीसाहेब पायरीवर उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी जरा पुढं ओढला.

"शेंदूर मी लावला. दोन्ही झाकणांस्नी. मला ठावं नव्हतं तिथनं इमान श्वास घेतंय म्हणून. कुणी सांगितलं असतं तर चाकाला लावला असता."

"तुम्ही आत जावा," आबासाहेब म्हणाले.

"जाते की. पानं घ्यायचीत." त्या देवस्थळींकडं वळल्या. "साहेब, मी लावला ह्ये आधी लिवून घ्या, आन् मग जेवायला बसा. माझ्यापायी त्या माणसाचं तंगडं मोडलं. त्येचं नाव बी मोडायचं व्हय?"

त्यांनी लिहून घेतलं. दोन्ही लिहून घेतलं, शेंदूर आणि वास. अपघाताचं कारण म्हणून शेंदूर लागला, आणि वास आला म्हणून कॅप्टनचं लायसन वर्षभरासाठी जाईल हे साहेबांनी तिथंच सांगितलं, तसं ते गेलंही. इलेक्शनमध्ये आबासाहेब निवडून आले, म्हणजे लोक हसले नाहीत किंवा हसून मत दिलं. अप्पांची काट्यावरून गव्हाणीवर बदली झाली, ऊस ओढायच्या पट्ट्यापाशी, भुश्श्यात आणि आवाजात. त्यांनी त्याबद्दल मला एक शब्द ऐकवला नाही. एकदाच, कानातला भुस्सा काढताना, म्हणाले, "हितं वजन मोजावं लागत न्हाई, तेवढं बरं हाय."

पण त्या दिवशी देवस्थळींची गाडी गेल्यावर आबासाहेब माझ्यापाशी आले.

"उद्यापास्नं ह्या रानात पाय ठेवायचा न्हाई."

"आज ठेवला तेवढा पुरे आहे," मी म्हणाले, आणि सायकल घेऊन तशीच तालुक्याला गेले. मला राग आला होता, आनंद झाला होता, आणि मी कॅप्टनचं वाटोळं केलं होतं. तिन्ही एकदम वाटत होतं आणि त्यातलं एकही कमी होत नव्हतं.

कॅप्टन टांगल्या पायानं वर्तमानपत्र वाचत होते. मी पलंगाशी उभी राहिले आणि काय काय झालं ते सगळं सांगितलं, वासापासून सुरुवात केली. त्यांनी वर्तमानपत्र पोटावर ठेवलं. मी शिव्यांची वाट बघत होते.

"विचारलं म्हणून सांगितलंस," ते शेवटी म्हणाले.

"विचारलं म्हणून. नसतं विचारलं तर नसतं सांगितलं."

"खोटं बोलता आलं नाही? एवढंसं?"

"आलं असतं. मग शेंदराचंही खोटंच वाटलं असतं त्यांना. आणि तुम्ही प्याला होतात, सर."

"होतो." त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "वर्षभर मी काय खायचं?"

"ते मला माहीत नाही. पण वर्ष संपल्यावर तुम्ही पुन्हा विमानात बसाल. विमान पाडणारा पाठारे म्हणून नाही. नुसता पिणारा म्हणून."

नर्स खिडकीशी फिस्सकन हसली. कॅप्टननी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग टांगलेल्या पायाकडं. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. मला वाटलं आता ते वर्तमानपत्र फेकून मारणार.

"आबानं तुला काढलं असेल."

"काढलं."

"कुठं शिकणार मग?"

"कुठंतरी. शिकणार एवढं नक्की."

"कुठंतरी म्हणे." त्यांनी नर्सकडं पेन मागितलं आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर एक पत्ता खरडला. "नागपूरला माझ्या बरोबरचा एक जण शिकवतो. माझ्याहून मोठा हरामखोर आहे. तो फुकट जागा देत नाही कुणाला, पण आधी मी कसा शिकवतो ते तुला विचारील, कारण त्याला माझी फजिती ऐकायला आवडते." त्यांनी कोपरा फाडला आणि माझ्या हातात देण्याआधी जरा धरून ठेवला. "काय सांगशील?"

"खरं सांगेन. शिव्या देता, पिता, आणि चांगलं शिकवता."

"याच क्रमानं?"

"याच क्रमानं."

त्यांनी कागद सोडला.